मरियेच्या हातातील सुया

नाताळच्या थंडीत आप्तांसाठी लोकरीचे गळपट्टे विणण्याची रीत आम्हांस ठाऊक आहे. या कामाला एकदा वेदीवर स्थान मिळाले, हे मात्र फारसे परिचित नाही.

सुमारे 1400 साली जर्मनीतील बुक्स्टेहुडे येथील बेनेडिक्टाइन धर्मभगिनींच्या मठासाठी एक वेदीचित्र रंगविले गेले. ते आज हॅम्बुर्गच्या कलासंग्रहालयात आहे. त्याच्या एका फलकावर पवित्र मरिया चार सुयांवर बाळ येशूचा अंगरखा विणीत बसली आहे. चार सुयांवर वस्त्र गोल उतरते. त्यास शिवण लागत नाही. जवळच पुस्तक उघडून पहुडलेला बाळ मान वळवून पाहतो, तो देवदूत क्रूस नि भाला घेऊन उभे!

संत योहानाच्या शुभवर्तमानातील (19:23) बिनशिवणीचा अंगरखा मागावर विणलेला होता. सुयांचे विणकाम युरोपात कित्येक शतकांनंतर आले. तरीही चित्रकाराने आपल्या काळची कला मरियेच्या हाती दिली. ज्या वस्त्रासाठी पुढे सैनिकांनी चिठ्ठ्या टाकल्या, ते त्याच्या चित्रात आईच्या हातचे झाले.

प्रियजनांच्या वाट्याचा क्रूस आम्हांला काढून घेता येत नाही. त्यांच्या अंगाला ऊब मात्र देता येते. मरिया विणीत राहते, ती म्हणूनच.