४७ हजार ओहमची वहिवाट

कोपनहेगन येथे १९१८ साली अ‍ॅक्सेल पीटर्सन आणि आर्नोल्ड पाउल्सेन या दोघा अभियंत्यांनी बोलपटाच्या ध्यासाने जी संस्था स्थापन केली, आणि १९२३ साली त्याच नगरीत जिने चित्राबरोबर ध्वनी ऐकविण्याचा प्रयोग जाहीररीत्या करून दाखविला, ती पुढे ऑर्टोफोन या नावाने तबकडीच्या व्यवसायात उतरली. चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे हलले की त्यात विद्युत्दाब उत्पन्न होतो. हे तत्त्व उलट बाजूने वापरून, म्हणजे वेटोळ्यात प्रवाह सोडून, ऑर्टोफोनने चाळीसच्या दशकात तबकडी कोरणारी यंत्रे बनविली, आणि १९४८ च्या सुमारास तेच तत्त्व सुलट बाजूने वापरून कोरलेली तबकडी वाचणारे ‘मूव्हिंग कॉइल’ कार्ट्रिज सिद्ध केले. वेटोळे सुईच्या दांडीवरच बसवायचे तर ते हलके हवे, हलके हवे तर तारेचे वेढे मोजकेच हवेत, आणि वेढे मोजके म्हटल्यावर दाबही अत्यल्प मिळणार, हे ओघानेच आले.

ऑर्टोफोनच्या रॉबर्ट गुडमंडसेन यांनी १९५९ साली स्टिरिओ तबकडीसाठी रचलेले एस.पी.यू. हे या घराण्यातील सर्वांत कीर्तिमान कार्ट्रिज होय. त्याचा अंतर्गत रोध दोन ओहमच्या आसपास आणि दाब मिलिव्होल्टच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतका, म्हणून प्रीअँपच्या, म्हणजे कार्ट्रिजाचा दाब प्रथम वाढविणाऱ्या प्रवर्धकाच्या, आधीच दाब वाढविणाऱ्या रोहित्राची तजवीज करणे भाग पडले, जी.टी. या प्रकारात तर ते रोहित्र कार्ट्रिजच्या कवचातच बसविलेले असे. असली कार्ट्रिजे त्या काळी मुख्यतः स्टुडिओंत आणि नभोवाणी केंद्रांत नांदत, आणि तेथे वेटोळे, रोहित्र व अँप्लिफायर यांचा मेळ घालण्याचा सारा बंदोबस्त जाणत्या अभियंत्यांच्या हाती असल्यामुळे, वेटोळ्यावर किती रोधाचा भार पडावा ही विवंचना श्रोत्याच्या दारापर्यंत तेव्हा पोहोचलीच नाही.

घरोघरी मात्र अंमल होता तो दुसऱ्याच जातीच्या कार्ट्रिजाचा. अमेरिकेतील शुअर कंपनीने १९५८ साली बाजारात आणलेल्या एम३डी या स्टिरिओ कार्ट्रिजात वेटोळे स्थिर असून सुईबरोबर इवलेसे चुंबक हलत असे, त्यामुळे हजारो वेढे देण्यास मुभा मिळाली आणि दाब सहजच कित्येक मिलिव्होल्टपर्यंत गेला. परंतु अशा वेटोळ्याचे प्रवर्तन अर्ध्या हेन्रीच्या घरात जाते, आणि जोडतारेची अडीचशे पिकोफॅरडची धारिता त्यास मिळाली म्हणजे सेकंदाला सुमारे १४ हजार कंपनांच्या ठिकाणी, अर्थात ऐन श्रवणकक्षेत, अनुनाद उभा राहतो. ४७ हजार ओहमचा रोध त्याला आवर घालून स्वराचा वरचा पल्ला समतल ठेवतो. ध्वनिमुद्रिकेच्या समतोलाची आर.आय.ए.ए. वक्ररेषा १९५४ साली अमेरिकेतील उद्योगाने मान्य केली, आणि पुढे ४७ हजार ओहम हा आकडाही प्रीअँपच्या कारखान्यांत वहिवाटीने रुजला. चुंबकाच्या सोयीची ही वहिवाट वेटोळ्याच्या स्वभावाची नव्हती, आणि वेटोळ्यासाठी तितका सर्वमान्य दुसरा आकडा कधी रूढ झाला नाही.

जपानमध्ये एन.एच.के. या राष्ट्रीय नभोवाणी संस्थेच्या सहकार्याने साठच्या दशकाच्या आरंभी सिद्ध झालेले डेनॉन डी.एल.-१०३ हे मूळचे नभोवाणीचेच कार्ट्रिज. ते पुढे सामान्य ग्राहकांस मिळू लागले तेव्हा ही तफावत उघड झाली. त्याचा अंतर्गत रोध ४० ओहम आणि दाब ०.३ मिलिव्होल्ट. रोहित्र दाब जितक्या पटीने वाढविते, तितक्याच पटीच्या वर्गाने पुढील रोध लहान करून वेटोळ्यास दाखविते. म्हणजे एकास दहा वेढ्यांच्या रोहित्रामागे ४७ हजारांचे ४७० ओहम होतात आणि एकास तीसमागे अवघे ५२. पहिल्या रोहित्रातून डी.एल.-१०३ चा दाब पावणेतीन मिलिव्होल्ट येतो. दुसऱ्यातून नऊ यावेत अशी अपेक्षा, पण हाती पडतात पाच, कारण बाकीचा हिस्सा वेटोळ्याच्या स्वतःच्याच रोधात खर्ची पडतो. तेच एकास तीसचे रोहित्र दोन ओहमच्या एस.पी.यू.ला मात्र जवळजवळ काहीच तोशीस देत नाही. रोहित्र चांगले की वाईट हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. कोणत्या वेटोळ्यासाठी, हे आधी सांगावे लागते.

सत्तरच्या दशकात जॉन कर्ल यांनी मार्क लेव्हिन्सनच्या कंपनीसाठी रचलेल्या जे.सी.-१ सारख्या, प्रीअँपच्याही आधी जोडावयाच्या प्रवर्धकांनी रोहित्राचे हे बंधन सैल केले, आणि भाराचा रोध ज्याने त्याने मुकरर करावा असा नवा शिरस्ता पडला. येथेच मतमतांतरांस ऊत आला. वेटोळ्याचे प्रवर्तन काही मायक्रोहेन्रींचेच असल्याने त्याचा अनुनाद श्रवणकक्षेच्या फार पलीकडे, सेकंदाला लक्षावधी कंपनांच्या प्रदेशात असतो. तो काही नाजूक प्रवर्धकांस बिथरवू शकतो आणि भाराचा रोध त्यास शांत करतो, हे खरे. तथापि १०० ओहमचा भार जोडताच ४० ओहमच्या वेटोळ्याचा आवाज जवळजवळ तीन डेसिबलने उतरतो, आणि उतरलेला आवाज कानाला मंद, क्वचित मधुरही वाटतो. तंबोऱ्याच्या जवारीत सुताचा दोरा केसभर सरकविल्याने जो फरक पडतो तो तारेच्या नादातच घडलेला असतो. येथे मात्र आवाजाची पातळी समान करून पुन्हा ऐकल्यावाचून फरक नादातला की निव्वळ पातळीतला, याचा निवाडा करताच येत नाही.

अंतर्गत रोधाच्या निदान दसपट भार असावा हा आज प्रचलित असलेला ठोकताळा याच गणितातून निघतो, कारण तेवढ्या भारावर दाबाची हानी एका डेसिबलच्या आत राहते. स्टुडिओतील अभियंत्याकडे होती ती जबाबदारी काळाच्या ओघात घरच्या श्रोत्याकडे आली आहे. तो श्रोता गणिताला टाळून केवळ कानावर विसंबला तर फसेल, आणि कानाला टाळून केवळ गणितावर विसंबला तर ज्या गाण्यासाठी हा सारा खटाटोप आहे त्यालाच मुकेल. वहिवाटीचा आकडा कोणाच्या सोयीने पडला हे ज्याने जाणले, त्याला तो कोठे पाळावा आणि कोठे मोडावा, याचा अधिकार आपोआप प्राप्त होतो.