गलाईच्या भट्टीचा धूर
सांगली जिल्ह्यातील विटा आणि भोवतालच्या खानापूर-आटपाडी भागाचे नाव देशभर पोहोचले ते गलाईमुळे, म्हणजे जुन्या दागिन्यांतील सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या व्यवसायामुळे. पावसाने वारंवार पाठ फिरवलेल्या या गावांतील तरुण परप्रांतांतील सराफ बाजारांत गेले आणि तिथल्या अरुंद खोल्यांत त्यांनी भट्ट्या मांडल्या. सोन्यात सुमारे तिप्पट चांदी मिसळून तो धातू नायट्रिक आम्लात, म्हणजे कारागिरांच्या भाषेतील तेजाबात, उकळला की चांदी विरघळते, तळाशी तपकिरी भुकटीच्या रूपात सोने उरते आणि भांड्याच्या तोंडातून तांबूस धूर उठतो. हा धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा असतो. तो डोळ्यांना दिसतो, घशाला झोंबतो, म्हणून कुठून सुटला ते लगेच कळते. कोळशाच्या भट्टीतील कार्बन मोनॉक्साइड मात्र रंग-वासाविना बंद खोलीत साचतो, आणि धोक्याची चाहूल लागण्याआधीच माणूस गुंगतो. तेजाबाच्या धुराने फुप्फुसांना येणारी सूजही अनेकदा काही तासांनी बळावते, त्यामुळे दिवसा धूर घेतलेल्या कारागिराला धाप लागते ती रात्री. या कष्टांवरच विट्याकडची कित्येक घरे उभी राहिली, म्हणून त्यांची नोंद इतिहासात व्हायलाच हवी.