परागीभवनासाठी फिरत्या मधपेट्या

पिकांच्या फुलोऱ्यानुसार मधमाश्यांच्या पेट्या एका शेतातून दुसऱ्या शेतात नेण्याच्या पद्धतीस स्थलांतरित मधमाशीपालन म्हणतात. मेलिफेरा व सातेरी या जाती पेटीत पाळता येतात. आग्या माशी पेटीत राहत नाही. पुण्यात १९६२ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था या व्यवसायाचे प्रशिक्षण देते.

कारखान्यांसाठी परिचित असलेल्या चाकणची बाजारपेठ कांद्यासाठीही प्रसिद्ध आहे. कांद्याच्या बीजोत्पादनात मधमाशीचे महत्त्व विशेष आहे. कांद्याच्या फुलातील पराग त्याच फुलाचा स्त्रीकेसर परिपक्व होण्यापूर्वी गळतो. त्यामुळे इतर फुलांवरून पराग आणणारे कीटक नसल्यास बी कमी धरते.

सायंकाळी माश्या परतल्यावर, दारास जाळी लावून, पेट्या रात्री हलवितात. फुलोरा सुरू होण्यापूर्वी त्या नेल्यास माश्या इतर फुलांकडे वळतात.

खरा धोका कीटकनाशकांचा असतो. माश्या दोन-तीन किलोमीटरपर्यंत फिरत असल्याने शेजारच्या शेतातील फवारणीही वसाहत नष्ट करू शकते. त्यात मधपाळाची पेटी रिकामी होते आणि शेतकऱ्याचे बी घटते. म्हणून पेट्या ठेवण्यापूर्वी फवारणीच्या वेळा शेजाऱ्यांसह ठरविणे आवश्यक असते.