शर्यत स्वाराची की टायरची?

अणदूर हे धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूर तालुक्यातले, सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचे गाव. उसाच्या हंगामात या भागात कारखान्याकडे जाणाऱ्या बैलगाड्या दिसतात. त्यांतल्या अनेकींना आता लोखंडी धावेची लाकडी चाके नसतात. हवा भरलेले रबरी टायर असतात. समजा, सारख्या ताकदीच्या दोन बैलजोड्या घेतल्या. एकीच्या गाडीला जुनी लाकडी चाके आणि दुसरीच्या गाडीला टायर लावले, दोन्हींत सारखाच ऊस भरला आणि मातीच्या रस्त्यावर शर्यत लावली. टायरची गाडी पुढे गेली, तर बक्षीस कोणाला द्यायचे? बैलांना, गाडीवानाला, की टायर बनवणाऱ्या कारखान्याला?

मोटारसायकलच्या हौशी शर्यती भरवणाऱ्यांना नेमका हाच प्रश्न सोडवावा लागतो. इंजिन किती सीसीचे असावे, हे ठरवणे त्या मानाने सोपे. टायर कोणते चालतील, हे ठरवताना मात्र मंडळी हैराण होतात. आम्हा प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना या नियमाचे कुतूहल वाटते, कारण त्यात एक ओळखीची गोष्ट दडलेली आहे. प्रयोगात एकाच घटकाचा परिणाम मोजायचा असेल, तर बाकीचे घटक कायम ठेवावे लागतात, असे आपण वर्गात सांगतो. टायरचा नियम म्हणजे तेच सूत्र मैदानावर वापरणे. त्याचा इतिहास शंभरहून अधिक वर्षांचा आहे.

बेलफास्टचे मैदान

जॉन बॉइड डनलॉप हा मूळचा स्कॉटलंडचा, बेलफास्टमध्ये स्थायिक झालेला पशुवैद्य. मुलाच्या तीनचाकी सायकलला बसणारे धक्के कमी करण्यासाठी त्याने हवा भरलेली रबरी नळी चाकावर बसवली आणि १८८८ मध्ये तिचे पेटंट घेतले. (रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ मध्येच अशा टायरचे पेटंट घेतले होते. ते उजेडात आल्यावर डनलॉपचे पेटंट टिकले नाही.) १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर सायकलींच्या शर्यती झाल्या. विली ह्यूम नावाचा हौशी सायकलपटू हे फुगीर टायर लावून उतरला. तो काही त्या काळचा नावाजलेला सायकलपटू नव्हता. बाकीच्यांच्या चाकांवर भरीव रबराच्या अरुंद पट्ट्या होत्या. ह्यूम ज्या चार शर्यतींत उतरला, त्या चारही त्याने जिंकल्या.

हरलेल्यांत हार्वी द्यू क्रो या आयरिश व्यापाऱ्याचे मुलगे होते. मुले कशाने हरली, हे बापाने ताबडतोब ओळखले. त्याच वर्षी डब्लिनमध्ये डनलॉपचे टायर बनवणारी कंपनी उभी राहिली आणि तिची सूत्रे द्यू क्रोकडे आली. त्या दिवशी मैदानावर खरी परीक्षा टायरची झाली होती, सायकलपटूंची नव्हे. दोन वर्षांनी, १८९१ मध्ये, पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत शार्ल तेराँ याने जिंकली. त्याच्या सायकलला मिशेलिन बंधूंचे, चाकावरून सहज काढता येणारे टायर होते. शर्यत ही टायरची जाहिरात होऊ शकते, हे कारखानदारांना तेव्हापासून पक्के कळले.

नियम ठरवतो, मोजायचे काय

नवे तंत्र पारखणे हाच हेतू असेल, तर अशी खुली शर्यत योग्यच आहे. १९०७ मध्ये आयल ऑफ मॅन बेटावर मोटारसायकलींची पहिली टीटी शर्यत झाली. रोजच्या वापराच्या गाड्या सुधाराव्यात, हा आयोजकांचा हेतू होता. म्हणून गाडीला बसायची नीट गादी, चिखलरोधक आणि आवाज कमी करणारा सायलेन्सर सक्तीचा होता. शिवाय इंधनावर मर्यादा होती. एका सिलिंडरच्या गाडीने गॅलनला ९० मैल, म्हणजे लिटरला सुमारे ३२ किलोमीटर गेलेच पाहिजे, असा नियम होता. चार्ली कॉलियर ताशी सुमारे ६१ किलोमीटर सरासरी वेगाने जिंकला. तिथे वेगाबरोबर काटकसरही मोजली गेली, कारण नियमच तसा होता.

म्हणून आयोजकांनी पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा तो असा: आपल्याला काय मोजायचे आहे? हौशी शर्यतीत उत्तर बहुधा एकच असते. स्वाराचे कसब मोजायचे आहे, आणि तेही त्याच्या खिशाला परवडेल अशा रीतीने. मग टायर मोकळा सोडला तर काय बिघडते? त्यासाठी रबराचा स्वभाव पाहावा लागेल.

रबर वेगळे वागते

फ्रान्सच्या आमोंताँ याने १६९९ मध्ये मांडलेला नियम आपण शिकवतो: घर्षणबल हे भाराच्या प्रमाणात असते आणि स्पर्शक्षेत्रावर अवलंबून नसते. लाकूड आणि धातू हा नियम बऱ्यापैकी पाळतात, रबर मात्र नीट पाळत नाही. भार दुप्पट केला तरी रबराची पकड पुरती दुप्पट होत नाही. तोच भार रुंद पट्ट्यावर पसरला, तर पकड वाढते.

याचे कारण रबराच्या अंगी आहे. ते थोडे स्प्रिंगसारखे वागते आणि थोडे काकवीसारखे. डांबरातल्या खडीवरून घसरताना ते दाबले जाते आणि पुन्हा उसळते. उसळताना सगळी ऊर्जा परत मिळत नाही, काही उष्णतेच्या रूपात खर्च होते. ही ऊर्जाहानी घर्षणाचा मोठा भाग असते, हे ग्रीनवुड आणि टेबर यांनी १९५८ मध्ये दाखवले. रबराचे घर्षण वेग आणि तापमान यांबरोबर कसे बदलते आणि त्याचा या ऊर्जाहानीशी काय संबंध आहे, हे ग्रॉश याने १९६३ मध्ये प्रयोगांनी सिद्ध केले.

मऊ रबर खडीच्या बारीक खाचांत शिरते, चिकटते आणि जास्त पकडते, पण लवकर झिजते. वर्गात याचे उदाहरण प्रत्येक दप्तरात आहे. मऊ खोडरबर कागद चांगला धरते, पण त्याचा भुगा पडून ते लवकर संपते. कडक खोडरबर वर्षभर टिकते, पण कागदावरून सरकते.

आता थोडे गणित करू. सपाट वळणावर मोटारसायकलचा कमाल वेग घर्षणांक, गुरुत्वत्वरण आणि वळणाची त्रिज्या यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाइतका असतो. त्रिज्या ३० मीटर आणि घर्षणांक १ धरला, तर हा वेग सेकंदाला सुमारे १७.१ मीटर, म्हणजे ताशी ६२ किलोमीटर येतो. घर्षणांक १.२ झाला, तर वेग सेकंदाला १८.८ मीटर, म्हणजे ताशी ६८ किलोमीटर होतो. अर्धवर्तुळाकार वळणाची लांबी सुमारे ९४ मीटर. ते पार करायला पहिल्या टायरला ५.५ सेकंद लागतील आणि दुसऱ्याला ५. एका वळणावर अर्धा सेकंद मिळाला, तर अशी दहा वळणे असलेल्या दहा फेऱ्यांत जवळजवळ पन्नास सेकंदांची आघाडी मिळेल. इतका फरक स्वाराला कसबाने भरून काढता येत नाही. तो फक्त पैशाने, दर शर्यतीला नवे मऊ टायर घेऊन भरता येतो. दोन-तीन स्वारांनी तसे टायर घेतले की बाकीच्यांना तरी घ्यावे लागतात किंवा घरी बसावे लागते. हौशी शर्यती अशाच रोडावतात.

रातोरात बनणारे टायर

पैसा अमाप असला, तर हे कुठवर जाते, ते जागतिक मोटोजीपी शर्यतींत दिसले. युरोपातल्या शर्यतींच्या वेळी शनिवारच्या सरावात धावपट्टीचे तापमान आणि झीज पाहून मिशेलिन कंपनी फ्रान्समधल्या आपल्या कारखान्यात रात्रीतून खास टायर बनवी आणि रविवारी सकाळी ते मोजक्या स्वारांच्या हाती देई. २००७ मध्ये नियम झाला की प्रत्येक स्वाराने एका शर्यतीसाठी ३१ टायर आधीच निवडून नोंदवावेत. रातोरातची सोय संपली, आणि त्याच वर्षी ब्रिजस्टोनच्या टायरवर केसी स्टोनर विश्वविजेता झाला. २००८ मध्ये यामाहाच्या एकाच संघात व्हॅलेंटिनो रॉसी ब्रिजस्टोनवर आणि हॉर्हे लोरेन्झो मिशेलिनवर धावला. दोघांच्या तंबूत मधे भिंत उभारली होती! अखेर २००९ पासून सर्वांना एकाच कंपनीचे टायर, असा नियम झाला. २०१५ पर्यंत ते ब्रिजस्टोनने पुरवले आणि २०१६ पासून मिशेलिनने.

एकच टायर म्हणजे सगळे प्रश्न सुटले, असे मात्र नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फिलिप आयलंडच्या धावपट्टीवर नवे डांबर होते आणि त्यावर ते टायर फार तापून फाटू लागले. दुसरा पुरवठादारच नव्हता. शर्यत २७ वरून १९ फेऱ्यांवर आणली गेली आणि एका टायरवर दहापेक्षा जास्त फेऱ्या मारायच्या नाहीत, असे ऐनवेळी ठरले. मार्क मार्केझ एक फेरी जास्त राहिला आणि बाद झाला. सगळ्यांना समान टायर दिला, तर त्याचा दोषही सगळ्यांना समान वाट्याला येतो.

आकड्याची पळवाट

काही आयोजक कंपनीचे नाव न घेता आकडा घालून देतात. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून मोटारींच्या टायरवर टिकाऊपणाचा अंक छापतात. आकडा मोठा, तर टायर जास्त टिकणारा. तिथल्या हौशी मोटार स्पर्धांनी २०१० च्या दशकात नियम केला की हा अंक किमान २०० हवा. हेतू हा की महागडे मऊ टायर आपोआप बाहेर पडतील. पण हा अंक चाचणीच्या आधारे कंपनी स्वतःच ठरवते. झाले असे की बाजारात २०० चा शिक्का असलेले, पण मैदानावर अतिशय चांगले धरणारे टायर येऊ लागले. मोजपट्टीलाच लक्ष्य केले की ती मोजपट्टी राहत नाही. परीक्षेतल्या गुणांबाबत शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको.

आपल्याकडची वाट

भारतात या खेळाची मुळे मद्रासेत आहेत. तिथला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ चा. दुसऱ्या महायुद्धातली शोलावरमची विमानपट्टी कितीतरी वर्षे शर्यतींसाठी वापरली गेली. पुढे १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टई येथे खास धावपट्टी झाली. मोटारखेळांच्या क्लबांचा राष्ट्रीय महासंघ १९७१ चा. याच शहरात १९४६ मध्ये खेळण्यातले फुगे बनवणारी मद्रास रबर फॅक्टरी निघाली. तीच आजची एमआरएफ. या कंपनीचे नाव पुढे राष्ट्रीय मोटारसायकल शर्यतींशी जोडले गेले. २०२१ मध्ये सुरू झालेल्या रॉयल एनफील्डच्या कॉन्टिनेंटल जीटी करंडकात सर्वांना एकाच नमुन्याच्या गाड्या मिळाल्या आणि जेके टायर ही कंपनी त्या स्पर्धेशी जोडली गेली. महाराष्ट्रात मातीच्या धावपट्टीची आवड जास्त. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली, तिच्या नावात सिएट ही टायर कंपनी होती. पुरस्कर्ता टायरवाला असणे गैर नाही, त्यामुळे टायर स्वस्तात मिळू शकतात. फक्त नियम कोणासाठी लिहिला आहे, हे आयोजकांनी विसरू नये.

नियम लिहायचा तर

सोलापूर-धाराशिव भागातल्या तरुणांनी उद्या १५० सीसीपर्यंतच्या गाड्यांची बंदिस्त धावपट्टीवर शर्यत भरवायची म्हटली, तर काय नियम करावा? आमच्या मते टायर जिल्ह्याच्या दुकानात मिळणारा, रस्त्यावर चालवायला परवानगी असलेला असावा. नावे आणि मापे यांची छोटी यादी हंगामाआधी जाहीर करावी. यादीत किमान दोन कंपन्या असाव्यात, म्हणजे एकीचा माल अडला तरी शर्यत अडणार नाही. एका शर्यतीला एकच जोडी, आणि तिच्यावर पंचांची खूण. टायरच्या कडेवर चार आकडी उत्पादनखूण असते. २४२३ म्हणजे २०२३ चा चोविसावा आठवडा. रबर जुने होऊन कडक पडते, त्याला भेगा जातात, म्हणून ही तारीख आणि भेगा तपासाव्यात. टायरला रसायने चोळून तो मऊ करणाऱ्यांसाठी पंचांकडे कडकपणा मोजणारे ड्युरोमीटर असावे. मात्र ऊन-सावलीने कडकपणा बदलतो, म्हणून सगळे टायर एकाच तापमानाला मोजावेत. ओल्या धावपट्टीचा निर्णय पंचांचा असावा. खाचा नसलेल्या गुळगुळीत टायरला पाणी बाहेर टाकता येत नाही. तिथे पकडीची चूक गुणांवर भागत नाही, हाडांवर येते.

हे सगळे पहिली गाडी सुटण्याआधी कागदावर हवे. अणदूरच्या लोकांना ही रीत नवी नाही. अणदूर आणि नळदुर्गजवळचे मैलारपूर या दोन्ही ठिकाणी खंडोबाचे देऊळ आहे, पण मूर्ती एकच. ती वर्षाचा बहुतेक काळ अणदूरला आणि काही काळ मैलारपूरला असते. देव नेताना दोन्हीकडचे मानकरी लेखी करार करतात. श्रद्धा एक असली तरी कागद होतो, म्हणून वाद होत नाही.

विद्यार्थ्यांना हा नियम स्वतः लिहायला सांगावे. एका फळीवर खरखरीत पॉलिश कागद चिकटवा आणि तिच्यावर वेगवेगळी खोडरबरे ठेवून फळी हळूहळू उचला. खोडरबर घसरू लागते त्या कोनाचा स्पर्शक, म्हणजे टॅन्जंट, हा त्याचा घर्षणांक. मग प्रत्येक खोडरबर त्याच कागदावर सारख्या दाबाने पन्नास वेळा घासा आणि वजनातली घट नोंदवा. पकड आणि झीज यांचा आलेख काढला की वर्गासमोर प्रश्न ठेवा: यांतली कोणती खोडरबरे शर्यतीत चालू द्यायची, आणि का? मुले आधी भांडतील. आपल्याला नेमके काय मोजायचे आहे, हा प्रश्न त्या भांडणातच कोणीतरी विचारेल. तिथून खरा धडा सुरू करावा.