सोने देवगिरीचे, जाते जनीचे

बायबलमधल्या सफन्या संदेष्ट्याने यरुशलेमच्या धनवंतांना बजावले होते, की कोपाच्या दिवशी सोने-रुपे कामाला येणार नाही. मागे उरतील ते परमेश्वराच्या नावाचा आसरा घेणारे दीनदुबळे. इ. स. पू. ५८६ मध्ये बाबिलोनी फौजेने ते शहर खरोखरच धुळीला मिळवले. यादवांच्या राजधानीची, देवगिरीची, गतही फार वेगळी झाली नाही. तोवर सुलतानही न झालेल्या अल्लाउद्दीन खिलजीने १२९६ मध्ये तिथला राजा रामदेवराय याच्याकडून अमाप सोने-मोती उकळले आणि त्याच पैशावर दिल्लीचे तख्त गाठले. १३१८ पर्यंत यादवांचे राज्यही संपले. त्याच सुमारास गंगाखेडची, म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्यातल्या गोदाकाठची, संत जनाबाई पंढरपुरात नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी दासी म्हणून राबत होती. वैभव बुडाले म्हणून लोक विठ्ठलाला शरण गेले, असे म्हणण्याचा मोह इथे होतो. पण सनावळी आड येते. ज्ञानेश्वरी १२९० ची, लुटीच्या आधीची. तिच्या अखेरीस रामदेवरायाच्या न्यायी राज्याचा गौरवच आहे. चक्रधरांचा महानुभाव पंथ तर त्याहूनही आधीचा.

यावर कुणी म्हणेल, परंपरेनुसार नामदेव आणि जनाबाई १३५० पर्यंत होते. त्यांनी पडझड पाहिलीच असणार. पाहिली असेल. पण जनीच्या नावावरच्या अभंगांत दळण, कांडण, झाडलोट, शेण्या आहेत; गेलेल्या संपत्तीचा शोक नाही, कारण जायला तिच्याकडे काही नव्हतेच. सफन्यानेही श्रीमंत आणि दीन वेगळे काढले आहेत: एकाचे छत्र उडते, दुसऱ्याच्या डोक्यावर ते कधी नव्हतेच. हे अभंग पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आले, त्यांत मागाहून भर पडली असेल, ही हरकत रास्त आहे. मात्र भर घालणाऱ्यांनीही तिला दासीच ठेवले, हे विसरू नये.

उरतो तो जास्त बोचरा आक्षेप: अशी श्रद्धा गरिबाला गरिबीतच रमवते. जनी मात्र देवाला जात्याशी बसवते, कामाला लावते, वेळ आली की शिव्याही घालते. हे निमूट सोसणाऱ्या बाईचे लक्षण नव्हे. पदकाची आख्यायिका तर याहून पुढे जाते. विठ्ठल आपले रत्नजडित पदक तिच्याकडे विसरतो, आळ जनीवर येतो, तिला सुळाकडे नेतात आणि सुळाचे पाणी होते. देवळातले सोने हरवले की संशय कुणावर जातो, हे ती कथा रचणाऱ्यांना नेमके ठाऊक होते. त्यांनी हलगर्जीपणा मात्र देवाच्या पदरी घातला.