पर्व, कांड आणि मंजरी : काव्याची परिभाषा व वनस्पतींची परिभाषा

गोव्यात १५६३ साली गार्सिया द ओर्ता या वैद्याचा औषधी वनस्पतींवरील पोर्तुगीज ग्रंथ छापून निघाला. त्याच्या आरंभी लुईश द कामोंइश यांचे एक काव्य आहे. या महाकवीची छापली गेलेली ती पहिली कविता. पुढे १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ साष्टीतील रायतूर येथे छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्यांच्या या ग्रंथात मराठीची थोरवी सांगताना कवीने फुलांतल्या मोगरीचा दाखला दिला आहे. म्हणजे वनस्पतींच्या ग्रंथात कविता आली आणि कवितेत फूल आले. हा शेजार केवळ ग्रंथांपुरता नाही. काव्यशास्त्राने आपले कितीतरी शब्द झाडांकडूनच घेतले आहेत. मात्र शब्द एक असला तरी दोन्ही घरी त्याचे काम एक नसते, हे आम्ही सहसा विसरतो.

‘पर्व’ आणि ‘कांड’ हे शब्द घ्या. संस्कृतात पर्व म्हणजे वेळूचा किंवा उसाचा सांधा. कांड म्हणजे दोन सांध्यांमधला भाग. महाभारताची १८ पर्वे व रामायणाची ७ कांडे आपण मोजतो, तेव्हा हा भेद पुसला गेलेला असतो. दोन्हींचा अर्थ ग्रंथाचा मोठा विभाग एवढाच उरतो. वाचकाचे त्यात काही बिघडत नाही. ऊस लावणाऱ्याचे मात्र बिघडेल. उसाचा डोळा सांध्यापाशी असतो आणि बेण्याला मुळ्याही तेथूनच फुटतात. सांधा वगळून नुसता मधला तुकडा पुरला, तर तो कुजून जाईल. ऊस उगवणार नाही. म्हणूनच वनस्पतिशास्त्राच्या मराठी परिभाषेत सांध्याला ‘पेरे’ व मधल्या भागाला ‘कांडे’ अशी वेगळी नावे आहेत.

‘वृत्त’ आणि ‘वृंत’ यांचा उच्चार जवळचा. पण अर्थ दूरचे. वृत्त या शब्दाच्या मुळाशी ‘वळणे’ हा अर्थ आहे. कवितेच्या ओळीला लॅटिनमध्ये ‘व्हर्सुस’ म्हणतात, तोही वळण्यावरूनच; तासाच्या टोकाशी नांगर वळतो तसा. वृत्त लघुगुरूंचा क्रम ठरवते आणि ते कानाने पारखायचे असते. वृंत म्हणजे देठ. तो डोळ्यांनी पाहायचा असतो.

हा देठ किती महत्त्वाचा, ते ‘मंजरी’ सांगते. ‘रसमंजरी’, ‘बृहत्कथामंजरी’ अशी नावे ग्रंथांना दिली गेली, तेव्हा सुंदर गोष्टींचा घोस एवढेच अभिप्रेत होते. वनस्पतिशास्त्रात मंजरी हा फुलोऱ्याचा एक ठरावीक प्रकार आहे. त्यात लांब दांड्यावर देठ असलेली फुले येतात आणि ती खालून वर उमलत जातात. मोहरीचा फुलोरा असा असतो. रचना तीच, पण फुले बिनदेठाची, म्हणजे अवृंत असली, तर तिला ‘कणिश’ म्हणतात; आघाड्याचा तुरा पाहावा. मंजरी व कणिश यांत भेद तो एका वृंताचा! आणि ज्या तुळशीच्या मंजऱ्या आपल्या तोंडी आहेत, तिची फुले दांड्याभोवती चक्राकार घोळक्यांनी बसतात. शास्त्र त्या फुलोऱ्याची गणना साध्या मंजरीत करत नाही.

युरोपातही असेच घडले. मध्ययुगीन मठांत धर्मपित्यांच्या लेखनातील निवडक उताऱ्यांच्या संग्रहाला ‘फ्लोरिलेगियुम’, म्हणजे फुलांची वेचणी, म्हणत. त्याच नावाने १६१२ साली एमानुएल स्वेर्ट यांनी फ्रँकफुर्ट येथे ग्रंथ काढला, तेव्हा त्यात खरोखरच फुलांची चित्रे होती. पुढे कार्ल लिनियस यांनी १७५१ सालच्या ‘फिलोसोफिया बोटानिका’ या ग्रंथात वनस्पतींच्या अवयवांच्या संज्ञांचे अर्थ नेमके करून दिले. कवीचा शब्द साम्य दाखवतो, शास्त्रज्ञाचा शब्द सीमा आखतो. दोघेही आपापल्या जागी खरे आहेत.

‘ओवी’ हा शब्द ओवण्यावरून आला असे मानतात. ओवायला फुले हवीत, तशीच त्यांना नावेही हवीत. पेर, डोळा, देठ, तुरा हे शब्द शेतात राबणाऱ्या आजोबांच्या जिभेवर आहेत. शाळेत जाणाऱ्या नातवाच्या वहीत त्यांची जागा इंग्रजी शब्दांनी घेतली आहे. त्याने ते इंग्रजी शब्द जरूर शिकावेत. पण सुटीच्या दिवशी आजोबांनी त्याच्या हाती उसाचे एक टिपरे द्यावे आणि सांधा कुठला, कांडे कुठले, हे त्याच्याकडून म्हणवून घ्यावे, एवढेच आमचे सांगणे आहे. मग महाभारताचे ‘पर्व’ त्याला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.