कॅमेरा बदलावा की लेन्स? घरातले पोर्ट्रेट आणि समारंभाच्या फोटोंसाठी पैसे नेमके कुठे खर्च करावेत

अंतरपाट बाजूला होतो, अक्षता पडतात, नवरा-नवरी एकमेकांकडे बघतात. सगळा क्षण दोन-तीन सेकंदांचा. रात्री फोटो संगणकावर उघडले की दिसतं, नवरीचा हार घालणारा हात हलला आहे, नवऱ्याचा चेहरा पिवळा आलाय आणि मागच्या अंधारात सगळीकडे दाणे दिसतायत. हा क्षण पुन्हा घेता येत नाही.

अशा वेळी हौशी असो वा नव्याने ऑर्डर घेणारा फोटोग्राफर, पहिला विचार एकच येतो: कॅमेरा जुना झाला, आता फुल फ्रेम घ्यायला हवा. हप्ता सुरू होतो, नवा कॅमेरा येतो आणि पुढच्या कार्यक्रमातही निम्मे फोटो तसेच येतात. कारण बिघाड बऱ्याचदा कॅमेऱ्यात नसतो. तो कुठे आहे हे आधी कसं ओळखायचं?

घरात आणि हॉलमध्ये फोटो का बिघडतात?

डोळ्यांना उजळ वाटणारं मंगल कार्यालय कॅमेऱ्यासाठी बरंच अंधारं असतं. दुपारच्या उन्हाच्या तुलनेत तिथे शेकडो पटींनी कमी प्रकाश असतो. कमी प्रकाशात कॅमेऱ्याकडे तीनच मार्ग असतात. लेन्सचं तोंड मोठं उघडायचं (अपर्चर), शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं, किंवा आयएसओ वाढवायचा.

शटर जास्त वेळ उघडं ठेवलं तर माणसं हलतात. स्थिर बसलेल्या व्यक्तीसाठी साधारण १/१२५ सेकंद चालतो, हार घालताना किंवा अक्षता टाकताना १/२५० लागतो आणि वरातीतल्या नाचासाठी १/५०० सुद्धा कमी पडू शकतो. आयएसओ वाढवला तर फोटोत दाणे, म्हणजे नॉइज दिसायला लागतो. राहतं अपर्चर. तिथेच बहुतेकांची अडचण सुरू होते, कारण कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स झूम केल्यावर एफ ५.६ पेक्षा जास्त उघडतच नाही. पोर्ट्रेटसाठी तर ती बहुतेक वेळा ५५ वरच वापरली जाते.

आधी नापास फोटोंचं निदान

खरेदीच्या आधी एक काम फुकटात होतं. मागच्या दोन-तीन कार्यक्रमांतले टाकून दिलेले फोटो काढायचे आणि त्यांचे चार गट करायचे.

पहिला गट हललेल्या फोटोंचा. भिंत, खांब, सजावट सगळंच हललं असेल तर हात हलला. मागचं सगळं स्पष्ट आणि फक्त माणूस हलला असेल तर शटर स्पीड कमी पडला. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण बॉडीतलं किंवा लेन्समधलं स्टॅबिलायझेशन फक्त हाताची थरथर सावरतं. नाचणाऱ्या करवलीला ते थांबवू शकत नाही.

दुसरा गट दाणेदार फोटोंचा. तिसरा गट फोकस चुकलेल्या फोटोंचा, म्हणजे डोळ्यांऐवजी कान किंवा मागची झालर स्पष्ट आलेली. चौथा गट प्रकाशच वाईट असलेल्या फोटोंचा: डोळ्यांखाली काळ्या सावल्या, अर्धा चेहरा निळा आणि अर्धा पिवळा.

प्रत्येक फोटोच्या माहितीत शटर, अपर्चर आणि आयएसओचे आकडे नोंदलेले असतात. तेही शेजारी लिहून काढावेत. पहिल्या दोन गटांत जास्त फोटो असतील आणि अपर्चर सतत ५.६ दिसत असेल, तर दोष लेन्सकडे बोट दाखवतो. तिसरा गट मोठा असेल तर बॉडीचा विचार करायला जागा आहे. चौथ्या गटावर कोणतीही बॉडी किंवा लेन्स हे औषध नाही. तिथे फ्लॅश लागतो.

लेन्स बदलल्याने किती फरक पडतो?

समजा, एका हॉलमध्ये किट लेन्सवर एफ ५.६ आणि १/१२५ ठेवल्यावर आयएसओ ६४०० लागतो. त्याच ठिकाणी, त्याच कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स लावली, तर जवळपास दहापट प्रकाश आत येतो आणि आयएसओ ६४० वर काम भागतं. एफ २.८ च्या झूमवर तोच आकडा १६०० होतो. ५० मिलिमीटर एफ १.८ ही जवळजवळ प्रत्येक कंपनीच्या स्वस्तातल्या लेन्सपैकी एक असते. फोटोग्राफर तिला नुसतं 'फिफ्टी' म्हणतात.

पण तिच्या दोन मर्यादा आधीच माहीत हव्यात. पहिली जागेची. सुरुवातीच्या श्रेणीतल्या बहुतेक डीएसएलआरमध्ये क्रॉप सेन्सर असतो. त्यावर फिफ्टीने उभ्या माणसाचा पायापासून डोक्यापर्यंत फोटो घ्यायचा तर साधारण साडेचार मीटर, म्हणजे १५ फूट मागे जावं लागतं. दहा बाय बाराच्या खोलीतल्या बारशात ते शक्यच नाही. तिथे ३५ मिलिमीटरची लेन्स बरी, कारण तिला सुमारे १० फूट पुरतात.

दुसरी मर्यादा फोकसच्या खोलीची. फिफ्टी एफ १.८ वर उघडी ठेवून दोन मीटरवरून फोटो घेतला तर स्पष्ट भाग पुढे-मागे मिळून जेमतेम ११-१२ सेंटीमीटरचा असतो. एकट्या माणसाला हे छान दिसतं. पण नवरा एक पाऊल मागे उभा असेल तर तो धूसर होणार. दोन रांगांतल्या घरच्यांच्या ग्रुप फोटोसाठी एफ ४ ते ५.६ लागतोच. म्हणजे लेन्सने वाचवलेला प्रकाश ग्रुप फोटोत परत द्यावा लागतो.

निकॉन वापरणाऱ्यांसाठी आणखी एक खाचखळगा आहे. डी३५००, डी५६०० यांसारख्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नाही. त्यांच्यावर जुनी ५० मिलिमीटर १.८डी लेन्स लावली तर ऑटोफोकस चालत नाही, १.८जी घ्यावी लागते. दुकानात स्वस्त म्हणून जुनी उचलली की पश्चात्ताप ठरलेला.

मग फुल फ्रेमने काय होतं?

फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. क्रॉप सेन्सर कंपनीनुसार साधारण २२ ते २४ बाय १५ ते १६ मिलिमीटरचा. क्षेत्रफळात फुल फ्रेम सव्वादोन ते अडीच पट मोठा, त्यामुळे तितकाच जास्त प्रकाश गोळा करतो. वरच्या उदाहरणात किट लेन्सच्याच एफ ५.६ वर फुल फ्रेम वापरला तर आयएसओ ६४०० च राहील. फक्त त्यातले दाणे क्रॉप सेन्सरच्या साधारण २५०० इतके दिसतील.

फरक खरा आहे, पण तो अडीच पटींच्या आसपासचा. स्वस्तातली फिफ्टी दहापट फरक पाडते. बॉडीला लेन्सच्या कित्येक पट पैसे लागतात हे धरलं तर क्रम आपोआप ठरतो.

शिवाय बॉडी एकटी येत नाही. क्रॉप सेन्सरची लेन्स फुल फ्रेम मिररलेसवर अडॅप्टरने लावली तर कॅमेरा सेन्सरचा मधलाच भाग वापरतो आणि २४ मेगापिक्सेलचे सुमारे १० उरतात. कॅननच्या ईएफ-एस लेन्स तर त्यांच्याच फुल फ्रेम डीएसएलआरवर बसत नाहीत. म्हणजे नव्या बॉडीच्या मागोमाग नव्या लेन्स, जादा बॅटऱ्या आणि कार्डं यांचा खर्च उभा असतो.

मेगापिक्सेलसाठी बॉडी बदलण्याची गरज तर फारच थोड्यांना असते. लग्नाच्या अल्बमचं १२ बाय १८ इंचांचं पूर्ण पान ३०० डीपीआयने छापायला ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ६००० बाय ४००० देतो.

फ्लॅशला इतके का घाबरतात?

कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश समोरून सरळ मारला की चेहरा सपाट, पांढरा आणि तेलकट दिसतो. म्हणून अनेकांचं फ्लॅशबद्दलचं मत तिथेच संपतं. पण वरून लावायच्या फ्लॅशचं डोकं फिरवून प्रकाश पांढऱ्या छतावर किंवा भिंतीवर मारला, तर तीच भिंत मोठा मऊ दिवा होते. घरातल्या पोर्ट्रेटमध्ये एवढा फरक दुसरी कोणतीही वस्तू पाडत नाही. फ्लॅशचा प्रकाश क्षणार्धात संपत असल्याने हालचालही गोठते.

मात्र छत फार उंच असेल तर प्रकाश परत येत नाही. मांडवाचं कापड लाल-पिवळं असेल तर चेहऱ्यावरही तोच रंग उतरतो. उघड्या लॉनवर छतच नसतं. अशा वेळी स्टँडवर छत्री लावून ट्रिगरने चालवलेला दुसरा फ्लॅश उपयोगी पडतो. पिवळ्या बल्बच्या खोलीत फ्लॅशवर नारिंगी जेल लावलं तर चेहरा आणि पार्श्वभूमीचा रंग जुळतो.

सलग फोटोंत उजेड कमी-जास्त का होतो?

भारतात वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे. त्यामुळे ट्यूबलाइट आणि बरेच स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्यांना ते कळत नाही. १/२५० वर शटर त्यातला एखादाच तुकडा पकडतो, म्हणून लागोपाठच्या दोन फोटोंत उजेड आणि रंग वेगळा येतो. १/१०० किंवा १/५० वर पूर्ण आवर्तन सापडतं आणि फोटो सारखे येतात. कॅननने २०१४ साली ईओएस ७डी मार्क २ मध्ये यावर फ्लिकर टाळणारी सोय दिली. आता ती अनेक कॅमेऱ्यांत असते. हा त्रास वारंवार होत असेल तर नव्या बॉडीच्या बाजूने तो एक खरा मुद्दा ठरतो.

बॉडी बदलणं केव्हा योग्य?

तिसऱ्या गटात, म्हणजे फोकस चुकलेल्या फोटोंत, ढीग मोठा असेल तर. कॅनन १५००डीमध्ये फोकसचे ९ पॉइंट आहेत, निकॉन डी३५०० मध्ये ११. एफ १.८ वर हलणाऱ्या माणसाचा डोळा त्यांनी पकडणं कठीण जातं. गेल्या काही वर्षांतले मिररलेस कॅमेरे डोळा ओळखून त्याच्या मागे फोकस ठेवतात. कार्यक्रमांत हा फायदा सेन्सरच्या आकारापेक्षाही मोठा ठरू शकतो आणि तो क्रॉप सेन्सरच्या मिररलेसमध्येही मिळतो.

दुसरं कारण दोन कार्डांचं. पैसे घेऊन लग्न शूट करणाऱ्याचं एकमेव कार्ड बिघडलं तर भरपाई देता येत नाही. दोन कार्डांवर एकाच वेळी नोंद करणारी बॉडी हा त्याचा विमा आहे. पण नवीन म्हणजे दोन स्लॉट असं नसतं. निकॉन डी७२०० मध्ये दोन होते, तिच्यानंतर आलेल्या डी७५०० मध्ये एकच आहे.

तिसरं कारण आवाजाचं. नाटकाच्या प्रयोगात किंवा गाण्याच्या बैठकीत डीएसएलआरच्या आरशाची खटखट सगळ्यांना ऐकू जाते आणि फ्लॅश तर चालतच नाही. मिररलेसचं इलेक्ट्रॉनिक शटर निःशब्द असतं. मात्र एलईडी दिव्यांखाली त्याने फोटोत पट्टे येऊ शकतात, हे विकत घेण्याआधी तपासावं.

आणि चौथं: एफ १.८ लावूनही आयएसओ सतत ६४०० च्या वर जात असेल, तर फुल फ्रेमची गरज खरी आहे. त्याआधी रॉमध्ये फोटो घेऊन नॉइज काढून पाहावा. २०२३ मध्ये लाइटरूममध्ये आलेल्या एआय डीनॉइजसारख्या साधनांनी जुन्या कॅमेऱ्यांचे फोटोही बरेच सावरतात.

हप्ता बारा महिने, लग्नं किती महिने?

आषाढी एकादशीनंतर चातुर्मास लागतो आणि तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा मुहूर्त सुरू होतात. मधले चार महिने लग्नाच्या ऑर्डर जवळपास थांबतात, हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून भाड्याचा हिशोब आधी करावा. समजा, नवी बॉडी आणि लेन्स मिळून दोन लाख रुपये लागणार आहेत आणि तसाच संच दिवसाला अडीच हजारांनी भाड्याने मिळतो. दोन लाखांत ८० दिवसांचं भाडं निघतं. वर्षाला १५ कार्यक्रम करणाऱ्याला तेवढे दिवस भरायला पाच वर्षांहून जास्त काळ लागेल. ४० करणाऱ्याला दोनच वर्षं. आपल्या शहरातले दर घालून हाच हिशोब कागदावर मांडता येतो.

सेकंडहँड घेताना बिल, बॉडीवरचा क्रमांक आणि शटर काउंट बघावा. लेन्स टॉर्चसमोर धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी नाही ना, हे पाहावं. कोकण किंवा मुंबईच्या दमट हवेत वापरलेल्या लेन्समध्ये ती हमखास शोधावी.

मग सुरुवात कुठून करावी?

घरगुती पोर्ट्रेट आणि नातेवाइकांचे समारंभ एवढंच काम असेल, तर जुनी बॉडी, ३५ किंवा ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स आणि डोकं फिरणारा एक फ्लॅश एवढ्यात बहुतेकांचं भागतं. पैसे घेऊन काम करणाऱ्याने हे दोन आधी घ्यावेत आणि त्यानंतर दोन कार्डं व डोळ्यावर फोकस ठेवणारी बॉडी बघावी.

शंका उरलीच, तर पुढच्या एका घरगुती कार्यक्रमाला मनात असलेली बॉडी एक दिवस भाड्याने आणावी. एका हातात ती, दुसऱ्या हातात फिफ्टी लावलेला जुना कॅमेरा. दोन्हींचे फोटो मिसळून, कोणता कुठला हे न सांगता, घरच्यांना दहा निवडायला सांगावेत. निवडलेल्या दहांत जुन्या कॅमेऱ्याचे सात-आठ निघाले, तर ते दोन लाख यंदा तरी बँकेतच राहू द्यावेत.